गोवामुक्तीचे युद्ध : कारणे आणि परिणाम



तुमच्यापैकी काहींनी भंडारदरा पाहिले असेल. अकोले तालुक्यात, कळसूबाई शिखराच्या परिसरात, प्रवरा नदीवर हे जुने दगडी धरण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या आठवीच्या वर्गाची सहल तेथे गेली होती. दुपारी धरणाखालच्या बागेत मुलांनी डबे उघडले. मी त्यांना सांगत होतो, "या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. तेव्हा येथे इंग्रजांचे राज्य होते. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केले, म्हणून धरणाला त्यांचेच नाव देण्यात आले. त्याच इंग्रजांविरुद्ध याच तालुक्यातील राघोजी भांगरे यांनी बंड केले होते. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली."

एका मुलाने हातातला घास तसाच ठेवला आणि विचारले, "सर, १९४७ साली इंग्रज गेले. मग त्या दिवशी सगळेच परकीय गेले का?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर "नाही" असे आहे. इंग्रज गेले, तरी पाँडिचेरी फ्रेंचांकडे होती. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश पोर्तुगीजांकडे होते. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला. प्रजासत्ताक म्हणजे जम्हूरिया. येथे राजा नसतो, लोकांनी निवडलेले सरकार असते. या नव्या प्रजासत्ताकाच्या किनाऱ्यावर साडेचारशे वर्षांचे जुने साम्राज्य अजून पाय रोवून उभे होते. शेवटी १९६१ साली दोघांत युद्ध झाले. युद्ध दोन दिवसांतच संपले. त्याची कारणे मात्र चौदा वर्षे साठत होती. त्या दिवशी मुलांना जे थोडक्यात सांगितले, ते येथे जरा सविस्तर सांगतो.

१५१० साली अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनापतीने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला. पणजीत मांडवी नदीच्या काठी आदिलशहाचा एक वाडा होता. पुढे पोर्तुगीजांनी त्यातच आपले कार्यालय थाटले. त्या वाड्याला ते "इदालकांव" म्हणत. हा शब्द परका वाटतो ना? तो "आदिल खान" या नावाचाच पोर्तुगीज उच्चार आहे. राज्य गेले, नाव मात्र तोडक्यामोडक्या रूपात उरले.

विसाव्या शतकात पोर्तुगालमध्ये सालाझार हा हुकूमशहा सत्तेवर होता. त्याच्या राज्यात पोर्तुगालमधल्या लोकांनाच मोकळेपणाने बोलता येत नव्हते, मग गोव्यातील लोकांना कोण बोलू देणार? परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. वर्तमानपत्रांवर सरकारची नजर असे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावला ही बंदी मोडून सभा घेतली. गोव्याचे डॉ. जुलियांव मिनेझिस त्यांच्याबरोबर होते. दोघांनाही पकडण्यात आले. पण त्या दिवसापासून लोकांची भीती मोडली. पणजीला आणि इतर गावांतही "१८ जून" हे नाव रस्त्यांना दिलेले तुम्हांला दिसेल, ते यामुळेच.

भारत सरकारने १९५० साली पोर्तुगालला कळवले की, गोव्याबद्दल बसून बोलू या. पोर्तुगालने नकार दिला. मग १९५१ साली सालाझारने एक चलाखी केली. त्याने आपल्या राज्यघटनेत बदल केला आणि गोव्याला "वसाहत" म्हणण्याऐवजी "सागरापलीकडचा प्रांत" म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोवा ही पोर्तुगालच्या ताब्यातील जमीन नव्हे, तर तो पोर्तुगालचाच तुकडा, असे जगाला सांगायचे. भंडारदऱ्याला राज्यकर्ते गेले, पण नाव मागे राहिले. गोव्यात पाटी बदलली आणि राज्यकर्ते होते तेथेच राहिले. एका शब्दाने केवढे काम केले पाहा! आपलाच प्रांत असेल, तर तो सोडण्याची चर्चा कशी करायची? १९५३ साली भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली.

फ्रेंचांशी मात्र असे झाले नाही. त्यांनी चर्चा केली आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये पाँडिचेरीचा कारभार भारताकडे सोपवला. तेव्हा "परकीय राज्य आहे म्हणून युद्ध झाले" असे एका वाक्यात उत्तर लिहू नका. एका परकीय राज्याशी बोलून प्रश्न सुटला, दुसऱ्याने दारच उघडले नाही. युद्धाचे मुख्य कारण येथे आहे.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली हे भाग मुक्त केले. प्रसिद्ध संगीतकार सुधीर फडके हेही त्यांत होते. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आपल्या फौजेला भारतातून वाट मिळावी, अशी त्याची मागणी होती. १९६० साली निकाल लागला. साध्या प्रवाशांना आणि मालाला वाटेचा हक्क होता, पण सैनिकांना आणि शस्त्रांना नव्हता, असे न्यायालयाने सांगितले.

दरम्यान गोव्याच्या सीमेवर सत्याग्रह सुरू झाला होता. मे १९५५ मध्ये पहिली मोठी तुकडी निघाली. तिच्या पुढाकारात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट होते. सेनापती बापट आपल्याच जिल्ह्यातील पारनेरचे. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर वर्षांचे होते! त्यानंतर १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही हातात शस्त्र न घेता सीमा ओलांडून गेले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली. ज्या दिवशी सारा देश स्वातंत्र्यदिन साजरा करत होता, त्या दिवशी हे घडले. सगळीकडे संताप पसरला.

भारताने गोव्याची नाकेबंदी केली. रेल्वे, व्यापार, ये-जा बंद झाली. त्याचा त्रास कोणाला झाला? राज्यकर्त्यांना थोडा, सामान्य गोवेकरांना फार. अर्धे कुटुंब मुंबईत आणि अर्धे गोव्यात, अशी कितीतरी घरे होती. पोर्तुगालने मात्र बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानातून आणि चहा सिलोनहून आणला. गोव्याचे लोखंडाचे खनिज जपानला जात होते, त्यातून पैसा मिळत होता. साम्राज्य काही उपाशी मरेना.

मग पंडित नेहरू इतके दिवस का थांबले? असा प्रश्न तेव्हाही पुष्कळजण रागाने विचारत होते. नेहरूंनी आणि मौलाना आझादांनी साम्राज्याचा तुरुंग स्वतः भोगला होता. १९४२ नंतर दोघेही अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात कैदेत होते. मौलानांचे 'गुबार-ए-खातिर' तेथेच लिहिले गेले, हे तुम्हांला उर्दूच्या तासाला कळले असेलच. नेहरू जगाला सांगत होते की, भांडणे चर्चेने मिटवा. त्यांनीच सैन्य पाठवले, तर त्यांचे कोण ऐकणार? शिवाय पोर्तुगाल हा नाटो या लष्करी गटाचा सदस्य होता. माझे मत विचाराल, तर गोव्याच्या तुरुंगात सडणाऱ्यांच्या दृष्टीने ही वाट पाहणे फार महाग पडले. पण आपण इतर सर्व मार्ग करून पाहिले, असे भारत पुढे जगाला सांगू शकला, तेही या थांबण्यामुळेच.

१९६१ साली वारे बदलले. आदल्या वर्षी, डिसेंबर १९६० मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी सर्व वसाहतींना स्वातंत्र्य मिळाले पाहिजे असा ठराव केला होता. गोवा ही वसाहतच आहे, हेही संयुक्त राष्ट्रांनी मान्य केले. म्हणजे सालाझारची नवी पाटी जगाने वाचली, पण मानली नाही. आफ्रिकेत अंगोलाचे लोक पोर्तुगीजांविरुद्ध उठले होते. भारत का थांबला आहे, असे आफ्रिकेतले नेते विचारू लागले. अशात नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी 'साबरमती' या प्रवासी जहाजावर आणि मच्छिमारांवर गोळ्या झाडल्या. हे युद्धाचे तात्कालिक कारण. तात्कालिक कारण म्हणजे ठिणगी. पण दारू आधीच भरलेली नसती, तर ठिणगीने काय झाले असते?

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय सैन्य गोवा, दमण आणि दीव येथे शिरले. या मोहिमेला 'ऑपरेशन विजय' असे नाव होते. तिची सूत्रे जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाती होती. विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. पोर्तुगीजांनी वाटेवरचे पूल उडवले होते, तरी १९ तारखेच्या सकाळी आपले जवान मांडवी ओलांडून पणजीत पोहोचले. समुद्रात पोर्तुगीजांची एकच मोठी युद्धनौका होती. तिचे नाव काय असेल? 'अफोन्सो द अल्बुकर्क'. ज्याने १५१० साली गोवा घेतला, त्याचेच नाव! 'बेतवा' आणि 'बियास' या आपल्या नौकांनी तिला निकामी केले.

सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना हुकूम पाठवला होता की, शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरण जाऊ नका. त्यांच्याजवळ सुमारे साडेतीन हजार सैनिक होते आणि समोर कितीतरी पट मोठी फौज. या गव्हर्नरने हुकूम पाळला नाही. त्याने शहरे उद्ध्वस्त होऊ दिली नाहीत. १९ डिसेंबरच्या रात्री तो शरण आला. तो आपला शत्रू होता, तरी हे सांगितलेच पाहिजे. भारताचे सुमारे बावीस जवान आणि नौसैनिक या युद्धात कामी आले. पोर्तुगीजांकडचे तीसच्या आसपास. आकडे लहान आहेत. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला ते लहान वाटले नसतील.

आता परिणाम पाहू. पहिला परिणाम लगेच दिसला. १८ डिसेंबरलाच सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स यांसह सात देशांनी भारताने सैन्य मागे घ्यावे असे मत दिले. रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे इजिप्त, हे चार देश विरोधात गेले. रशियाने नकाराधिकार वापरल्यामुळे ठराव फेटाळला गेला. शांततेचा उपदेश करणाऱ्या भारताने बळ वापरले, अशी टीका पश्चिमेकडे झाली. आशिया-आफ्रिकेत मात्र आनंद झाला.

सर्वांत अवघड परिणाम भोगला तो दूरच्या लोकांनी. मोझांबिक तेव्हा पोर्तुगीजांकडे होते. तेथे अनेक भारतीय कुटुंबांची दुकाने होती. सालाझारने त्यांना कैदेत टाकले, मालमत्ता अडकवून ठेवली आणि देश सोडायला लावले. त्यांचा गोव्याच्या युद्धाशी काही संबंध नव्हता. वासालो इ सिल्वा यांनाही त्यांच्याच देशाने सैन्यातून काढून टाकले.

१९६२ साली घटनादुरुस्ती होऊन गोवा, दमण आणि दीव भारताचा केंद्रशासित प्रदेश झाले. डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही, यावर मोठा वाद पेटला. १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांचा कौल घेण्यात आला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरोधात १,७२,१९१. आपल्या महाराष्ट्रात अनेकांना वाईट वाटले, पण कौल सर्वांनी मान्य केला. साडेचारशे वर्षांत गोवेकरांना असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले.

पोर्तुगालला ही हार पचली नाही. अंगोला, गिनी, मोझांबिक येथे त्याने लढाया चालूच ठेवल्या. त्या लढायांना कंटाळलेल्या त्याच्याच सैन्याने एप्रिल १९७४ मध्ये हुकूमशाही उलथून टाकली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नव्या सरकारने गोवा भारताचा आहे हे करारावर सही करून मान्य केले.

आणि मोहन रानडे? त्यांच्याबद्दल सांगायचे राहिलेच. सांगलीचा हा तरुण मराठीचा शिक्षक म्हणून गोव्यात गेला आणि मुक्तिलढ्यात उतरला. १९५५ साली तो पकडला गेला. पुढे त्याला पोर्तुगालच्या तुरुंगात नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी पणजीत तिरंगा चढला, तेव्हा तो कोठडीत होता. १९६२ साली भारताने हजारो पोर्तुगीज कैदी परत पाठवले, तेव्हाही तो कोठडीतच होता. जानेवारी १९६९ मध्ये तो सुटला.

शब्दार्थ : साम्राज्य – सल्तनत, वसाहत – नौआबादी, तात्कालिक – फौरी, नाकेबंदी – रसद व ये-जा अडवणे, नकाराधिकार – ठराव रोखण्याचा हक्क, कौल – लोकांचे मत, कामी येणे – युद्धात मरण पावणे.

स्वाध्याय
१. पोर्तुगालने १९५१ साली गोव्याला नवे नाव का दिले?
२. मूळ कारण आणि तात्कालिक कारण यांतील फरक या पाठातील उदाहरणे देऊन सांगा.
३. नेहरूंनी चौदा वर्षे थांबणे योग्य होते का? तुमचे मत आठ-दहा वाक्यांत लिहा.
४. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या इमारतीचे, रस्त्याचे किंवा तलावाचे नाव कोणी व केव्हा दिले, हे घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा.