कोणाच्या शेजारी कोण? : फुलबागेची शास्त्रीय आखणी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सुलतानपूर नावाचे गाव आहे. तेथील आमच्या घराच्या ओट्यासमोर माझ्या आईने शेवंतीच्या तीन ओळी लावल्या होत्या. लक्ष्मीपूजनाला घरची शेवंती हवी, असा तिचा दरवर्षीचा हट्ट असे. एका वर्षी झाडे चांगली फोफावली, पाने हिरवीगार झाली, पण दिवाळी आली तरी पहिल्या ओळीत एकही कळी दिसेना. दुसऱ्या ओळीत तुरळक कळ्या होत्या आणि तिसरी ओळ मात्र कळ्यांनी भरली होती. आईने खताला दोष दिला, शेजाऱ्यांनी पाण्याला. परंतु तिन्ही ओळींना खत एकच आणि पाणीही एकच. मग फरक कशात होता?

त्या वर्षी एकच गोष्ट नवी घडली होती. आईला रात्री नीट दिसेनासे झाले म्हणून मी ओट्याच्या भिंतीवर एक दिवा बसवला होता व तो रात्रभर जळत असे. माझ्या लक्षात हे यायला मात्र दिवाळी उलटावी लागली!

झाडे रात्र मोजतात

इ. स. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका जातीवर प्रयोग करून दाखवून दिले की, काही वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवितात. या गुणधर्मास 'दीप्तिकालिता' असे म्हणतात. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांनी झँथियम या तणावर प्रयोग केले. (कपड्यांना चिकटणारी काटेरी बोंडे येतात ते हे तण.) लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ प्रकाश दिला, तर हे झाड फुलत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे झाड खरोखर मोजते ते रात्रीचा अखंड अंधार! या मोजणीत पानांतील फायटोक्रोम नावाचे द्रव्य महत्त्वाचे काम करते. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश मिळाला की ते एक रूप घेते आणि ७३० नॅनोमीटरच्या अतिलाल प्रकाशात पुन्हा पहिल्या रूपात येते.

शेवंती ही रात्र मोठी झाली म्हणजे फुलणारी वनस्पती आहे. सुलतानपूर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २१ जूनचा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, तर २२ डिसेंबरचा सुमारे १० तास ५५ मिनिटांचा असतो. वर्षभराचा हा फरक अडीच तासांहूनही कमी आहे. पण शेवंतीला तेवढा पुरतो. पावसाळा सरत आला की तिला लांब रात्रीची सूचना मिळते आणि ती कळ्या धरू लागते. रात्रभर दिवा जळत असला, तर ही सूचना तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी दुपारच्या उन्हाच्या हजाराव्या हिश्शाइतका उजेडही पुरेसा होतो.

आता तीन ओळींचे कोडे सुटते. दिव्यापासून ओळींची अंतरे साधारण दीड, तीन आणि साडेचार मीटर होती, म्हणजे १ : २ : ३. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ती १ : १/४ : १/९ अशी झाली. वर्गात फळ्यावर शिकवतात तो नियम आमच्या अंगणात कळ्यांनी लिहिला होता! दिवा काढणे शक्य नव्हते. म्हणून त्यावर पत्र्याची टोपी अशी बसवली की, उजेड फक्त पायऱ्यांवर पडावा. मकरसंक्रांतीच्या सुमारास पहिली ओळ फुलली. लक्ष्मीपूजन हुकले ते हुकलेच. परंतु आईच्या देवघरात पौषात शेवंती आली.

तात्पर्य, बागेत झाडाचा शेजारी म्हणजे केवळ दुसरे झाड नव्हे. दिवा, भिंत, पाण्याचा पाट, जमिनीतील कीटक हे सारेच त्याचे शेजारी होत. हे ध्यानी ठेवून आपण शाळेसाठी एक फुलबाग आखू या. सुट्या फुलांचे हार होतात, पण फुलदाणीसाठी आणि गुच्छासाठी लांब दांड्याची फुले लागतात. अशी फुले सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सतत मिळावीत, हा आपला हेतू. जागा एक गुंठा, म्हणजे साधारण १० मीटर लांब व १० मीटर रुंद.

पहिला प्रश्न : गुच्छात कोणाचे काम काय?

चांगल्या गुच्छात तीन प्रकारची सामग्री असते. उंची देणारी फुले, उदा. निशिगंध व ग्लॅडिओलस. गोल, भरदार फुले, उदा. शेवंती, अ‍ॅस्टर व झेंडू. आणि मधल्या फटी भरणारी नाजूक सामग्री. या शेवटच्या कामासाठी महागडे काही आणावे लागत नाही. फुलावर आलेल्या शेपूची पिवळी छत्री आणि मोरपंखीची डहाळी उत्तम चालते. प्रत्येक हंगामात या तिन्हींपैकी एकेक तरी बागेत असावे. नाहीतर जानेवारीत नुसते दांडेच दांडे आणि ऑक्टोबरमध्ये नुसता झेंडू, अशी स्थिती होते.

दुसरा प्रश्न : सावली कोणावर पडणार?

येथे भूमिती उपयोगी पडते. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्याची क्षितिजापासूनची उंची काढा : ९० − २० − २३.४ = ४६.६ अंश. या कोनाचा टॅन्जंट सुमारे १.०६ आहे. म्हणून एक मीटर उंचीच्या झाडाची सावली १ ÷ १.०६, म्हणजे सुमारे ९५ सेंटिमीटर लांब आणि थेट उत्तरेकडे पडते. सकाळ-संध्याकाळी तर ती याहून लांब असते. निशिगंधाच्या उत्तरेला बुटका अ‍ॅस्टर लावला, तर हिवाळाभर तो सावलीत राहील आणि त्याचे दांडे किडकिडीत होतील.

२१ जूनला उलट प्रकार होतो. सूर्य मध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो व त्याच झाडाची सावली दक्षिणेकडे फक्त ६ सेंटिमीटर पडते. शिवाय त्या वेळी रोपे लहानच असतात. म्हणून आपण हिवाळ्याचा विचार करून बुटकी झाडे दक्षिणेस व उंच झाडे उत्तरेस लावावीत.

तिसरा प्रश्न : जमिनीखाली काय चालले आहे?

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. शेवंतीच्या मुळांशी पाणी साचले की मुळे कुजतात, म्हणून लागवड वरंब्यावर करावी. निशिगंधाच्या मुळांवर सूत्रकृमी गाठी करतात. झेंडूच्या मुळांत अल्फा-टर्थायनिल नावाचे द्रव्य असते. ते १९४७ मध्ये झेंडूतून वेगळे करण्यात आले आणि सूत्रकृमींना ते मारक असल्याचे १९५८ मध्ये दाखविण्यात आले. अर्थात झेंडूची दोनचार रोपे कडेला लावून विशेष लाभ होत नाही. जेथे पुढे निशिगंधाचे कंद लावायचे असतील, त्या वाफ्यात आधीच्या हंगामात झेंडू दाट लावावा. झेंडू, शेवंती व अ‍ॅस्टर ही तिन्ही सूर्यफुलाच्या कुलातील आहेत. त्यांच्यावरील काही किडी व रोग सारखेच असतात, म्हणून त्यांची जागा दरवर्षी बदलणे हिताचे.

आपली आखणी

पूर्व-पश्चिम असे पाच वाफे करा. प्रत्येक वाफा १० मीटर लांब व १.२ मीटर रुंद, आणि प्रत्येकामागे अर्ध्या मीटरची वाट. पाच वेळा १.७ म्हणजे ८.५ मीटर झाले. उरलेला दीड मीटर उत्तरेच्या कडेला मोरपंखीसाठी ठेवा. दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रम असा :

१. अ‍ॅस्टर : सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाकावे, महिन्याने रोपे लावावीत. ३० सेंटिमीटर अंतराने चार ओळींत सुमारे १३० रोपे बसतात. फुले जानेवारी-फेब्रुवारीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश' या नावाच्या जाती प्रसिद्ध आहेत.

२. शेवंती : मे-जूनमध्ये काश्या लावाव्यात व रोप वाढू लागले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. फुले दिवाळीच्या सुमारास व पुढे. या वाफ्यावर रात्री कोणताही दिवा पडता कामा नये.

३. झेंडू : जूनच्या मध्यास बी, जुलैच्या मध्यास लागण; दसऱ्याच्या सुमारास फुले.

४. निशिगंध : एप्रिल-मेमध्ये कंद. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दांडे येऊ लागतात. हे कंद दोन-तीन वर्षे जागेवरच राहतात.

५. ग्लॅडिओलस आणि शेपू : दोन्ही ऑक्टोबरमध्ये. डिसेंबर-जानेवारीत उपयोगी.

अशा रीतीने दसऱ्याला झेंडू व निशिगंध, दिवाळीला शेवंती आणि २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाला अ‍ॅस्टर, ग्लॅडिओलस व शेपू हाती येतील.

फुले सकाळी लवकर कापावीत, कारण रात्रभरात दांड्यांत पाणी भरलेले असते. उन्हात पानांतून बाष्पीभवन चालू असताना दांडा कापला, तर खोडातील सूक्ष्म नळ्यांत हवा ओढली जाते आणि पाणी वर चढेनासे होते. म्हणून फुलदाणीत ठेवण्यापूर्वी दांड्याचे टोक पाण्याखाली धरून पुन्हा तिरपे कापावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. फुलदाणीशेजारी पिकलेली केळी मात्र ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या एथिलीन वायूमुळे पुष्कळ फुले लवकर कोमेजतात.

करून पाहा

(१) शाळेच्या आवारात एक मीटरची काठी उभी रोवा. दर महिन्याच्या २२ तारखेला मध्यान्हीची, म्हणजे दिवसातील सर्वांत आखूड, सावली मोजा व आलेख काढा. आपल्या गावी ती कोणत्या महिन्यात दक्षिणेकडे पडते?

(२) शेवंतीच्या सहा कुंड्या घ्या. ऑगस्टच्या अखेरीपासून तीन कुंड्या रात्रभर दिव्याजवळ आणि तीन पूर्ण अंधारात ठेवा. दिवसा सर्वांना सारखेच ऊन व पाणी द्या. पहिली कळी दिसल्याची तारीख प्रत्येक कुंडीवर लिहा.

बाग आखण्यापूर्वी एकदा रात्रीही त्या जागी जाऊन उभे राहा. रस्त्यावरचा दिवा कोठवर पोहोचतो, हे दिवसा कळत नाही.