शहराचा केरकचरा व शेतकऱ्याचें खत

जमिनींतून जें निघतें तें पुन्हां जमिनींत गेलें पाहिजे, हा शेतीचा पहिला नियम होय. आपल्या वऱ्हाडांत हा नियम दोन ठिकाणीं मोडतो. अकोल्याच्या बाजारांत आपण भाजीपाला, फळें व धान्य पाठवितों. त्यांच्या साली, देठ व खरकटें शहरांतच राहून कुजतें. इकडे गांवांत पऱ्हाट्या व तुराट्या बांधावर जळतात. म्हणजे ज्याचें खत व्हावयाचें त्याची शहरांत घाण होते व शेतांत धूर होतो. आणि शेतकरी मात्र पोत्यांतील खत विकत आणितो. हा व्यवहार कोणाच्या हातीं आहे व त्यांत शेतकऱ्यानें काय करावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणाचें काम कोणतें

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, जिल्ह्यांतील सर्व सार्वजनिक कामें जिल्हा परिषदच पाहते. वस्तुस्थिति तशी नाहीं. अकोल्याची नगरपालिका २००१ सालीं महानगरपालिका झाली. शहरांतील कचरा गोळा करून त्याची व्यवस्था लावणें हें तिचें काम. जिल्हा परिषदा १९६१ च्या कायद्यान्वयें १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. ग्रामीण रस्ते, शेतकीच्या कांहीं योजना व खेड्यांतील स्वच्छतेची देखरेख परिषदेकडे असते. तिच्या क्षेत्रांत अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी व मूर्तिजापूर अशा ७ पंचायत समित्या आहेत. प्रत्यक्ष गांवची झाडलोट, गटारें व उकिरडे यांची जबाबदारी ग्रामपंचायतीची. गांवीं येणारी एस्. टी. राज्य परिवहन महामंडळाची असते; तिचा गांवापर्यंतचा रस्ता बहुधा परिषदेचा, पण गाडी परिषदेच्या हुकमतींत नसते.

माणसांनीं आंखलेल्या या हद्दी घाणीस ठाऊक नाहींत. शहरांत मोर्णा नदींत पडलेली घाण पुढें पूर्णेस मिळते, आणि पूर्णेच्या पाण्यावर खालच्या गांवांचीं जनावरें अवलंबून असतात. जानेवारी २०१८ मध्यें मोर्णेच्या स्वच्छतेसाठीं अकोल्याचे हजारों नागरिक नदीकांठीं जमले व आठवड्यामागून आठवडा झटले. खुद्द पंतप्रधानांनीं त्या महिन्यांतील आकाशवाणीवरील भाषणांत त्यांची वाखाणणी केली. तें काम स्तुत्यच होतें. परंतु नदी एकदां साफ करणें निराळें व तींत रोज कचरा न पडेल अशी तजवीज करणें निराळें. आमच्या मतें ही तजवीज कचऱ्यास गिऱ्हाईक मिळाल्यावांचून टिकावयाची नाहीं, आणि कुजणाऱ्या कचऱ्यास शेतकऱ्यासारखें दुसरें गिऱ्हाईक नाहीं.

शहरी कंपोस्ट घेतांना

२०१६ च्या केंद्रीय नियमांनीं घरोघरीं कचरा ओला, सुका व घातक असा तीन भागांत वेगळा ठेवण्याचें बंधन घातलें. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें शहरी कंपोस्टाच्या विक्रीस दर टनास १५०० रुपये साहाय्य जाहीर केलें. पुढें महाराष्ट्र सरकारनें 'हरित महासिटी कंपोस्ट' या नांवानें हें खत विकण्याची योजना काढली. सरकारी साहाय्यानें खत स्वस्त होतें. पण तें चांगलें होतें तें घरांतील कचरा घरांतच निवडल्यानें. एकदां कांच, प्लास्टिक व विजेच्या बॅटऱ्या ओल्या कचऱ्यांत मिसळल्या, म्हणजे मागाहून कितीही चाळलें तरी जड धातूंचा अंश खतांत राहण्याची भीति असते.

म्हणून तपासणीचा कागद पाहिल्यावांचून असें खत घेऊं नये. सरकारी खत नियंत्रण आदेशाप्रमाणें शहरी कंपोस्टांत सेंद्रिय कर्ब शेंकडा १२ हून कमी नसावा व कर्ब-नत्राचें प्रमाण २० हून अधिक नसावें. एक किलो खतांत शिसें १०० मिलिग्रॅमहून व कॅडमियम ५ मिलिग्रॅमहून अधिक असतां कामा नये. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्याच्या शेतकऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी, ती क्षारतेची. शहरी खतांत मीठ बरेंच असूं शकतें, आणि आपल्या जमिनींत व विहिरींच्या पाण्यांत क्षार आधींच आहेत. क्षारतेची सरकारी मर्यादा ४ आहे. खारपाणांत त्याहूनही बरेच कमी क्षार असलेलेंच खत घ्यावें.

घरची परीक्षाही सोपी आहे. थोडें खत ओलें करून पिशवींत आठवडाभर बांधून ठेवावें. उघडल्यावर मातीचा वास आला तर खत तयार समजावें. दुर्गंधि आली तर तें कच्चें. कच्चें खत जमिनींतील नत्र ओढून घेतें व पीक पिवळें पडतें.

गांवचा कचरा गांवांतच

शहराकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपला उकिरडाही पाहिला पाहिजे. अल्बर्ट हॉवर्ड यांनीं यशवंत वाड यांच्या साहाय्यानें इंदूर येथें कंपोस्टाची पद्धति सिद्ध केली व १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनीं थोड्या शेणांत पुष्कळ खत होण्याची रीत बसविली. तीच 'नाडेप' होय.

१० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असें विटांचें टाकें बांधून भिंतींत हवेसाठीं भोकें ठेवावीं. एका भरतीस सुमारें १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण व १७५० किलो चाळलेली कोरडी माती लागते. तळाशीं ६ इंच कचरा, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असे थर देत टाकें कांठाच्या वर दीड फूट भरावें व शेणमातीनें लिंपावें. पंधरा-वीस दिवसांनीं ढीग खचतो. तेव्हां पुन्हां भरून लिंपावें. ओल टिकवावी व भेगा बुजवाव्या. तीन ते चार महिन्यांत अडीच-तीन टन खत मिळतें. वर्षांत दोन भरत्या झाल्या तरी कोरडवाहू कपाशीच्या एका हेक्टरास लागणारें ५ टन खत घरचें होतें.

पऱ्हाट्यांविषयीं मुद्दाम सांगावयाचें तें हें कीं, त्या उन्हाळाभर बांधावर रचून ठेवूं नयेत. उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. त्यांचा यंत्रानें बारीक चुरा करून टाक्यांत घालावा.

संघांनीं काय करावें

पहिलें, गांवच्या सहकारी संघानें एकट्यादुकट्याऐवजीं एकत्र मागणी करावी व तपासणीच्या कागदावांचून खत उतरवून घेऊं नये. म्हणजे कचरा निवडण्याची गरज महानगरपालिकेस आपोआप पटेल. दुसरें, माल विकून अकोल्याहून रिकामीं परतणारीं वाहनें खत घेऊन यावीं. त्यामुळें वाहतुकीचा खर्च पुष्कळ वांचेल. तिसरें, ग्रामसभेंत दरवर्षीं स्वच्छतेच्या पैशाचा हिशेब विचारावा. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या काळांत ग्रामसंस्थांच्या अनुदानापैकीं शेंकडा ६० भाग पाणी व स्वच्छता यांसाठींच राखून ठेवविला होता. तो आपल्या गांवीं कोठें खर्च झाला, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थास आहे.

अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेले गाडगेबाबा कोणत्याही गांवीं गेले कीं आधीं खराटा हातीं घेऊन गांव झाडीत व मग रात्रीं कीर्तन करीत. झाडून काढलेला तो केर शेतांत नेऊन पोंचविणें, हें काम आपणां शेतकऱ्यांचें आहे. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपल्या शेतांत निदान एक टाकें भरावें, अशी आमची विनंति आहे.