मनाचा आजार आणि समाजाचा शिक्का

मधुमेह झालेला माणूस 'मला साखर आहे' असे चारचौघांत सहज सांगतो. स्किझोफ्रेनिया किंवा दीर्घ नैराश्य असलेल्या माणसाच्या घरी मात्र औषधाच्या गोळ्या कपाटात दडवल्या जातात. दोन्ही आजारच; मग हा भेद का? इतिहासाच्या अंगाने याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ब्रिटिश राजवटीत 1858 साली वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला आणि 1912 साली 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' आला. 'ल्युनसी' हा शब्द चंद्रवाचक लॅटिन शब्दापासून बनला आहे. चंद्राच्या कलांमुळे माणूस भ्रमिष्ट होतो, या जुन्या समजुतीची ती खूण होय. रुग्ण बरा व्हावा यापेक्षा तो समाजापासून दूर राहावा, यावर या कायद्यांचा भर होता. 1987 साली नवा कायदा आला आणि जुने नाव गेले. समाजाची दृष्टी मात्र तीच राहिली. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले 28 मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. दर्ग्याच्या कृपेने बरे वाटेल, या आशेने रुग्णांना तेथे आणले जात असे.

पुढे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी घातली, उपचार हा हक्क मानला आणि आरोग्यविम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने स्थान दिले. कोणाची सामाजिक स्थिती किंवा सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक समूह पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असेही त्यात नमूद आहे. आपल्या राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे.

तरीही कुटुंबे आजार लपवतात. त्यांना केवळ अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या कपाळी जन्मतःच एक शिक्का मारला गेला, त्यांना दुसऱ्या शिक्क्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. मुलीचे लग्न मोडेल, मुलाची नोकरी जाईल, ही भीती अनुभवातून आलेली असते. परंतु लपवण्याची किंमत रुग्णच मोजतो. उपचार लांबतात आणि आजार मुरत जातो.

'पूर्वजन्मीचे भोग' हे स्पष्टीकरण आपण तर कदापि स्वीकारू नये. याच तर्काने अस्पृश्यतेचे समर्थन केले गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धविचाराशी विसंगत ठरवला आहे. जो तर्क आपण स्वतःसाठी नाकारला, तो आपल्या घरातील आजारी माणसाला लावणे कसे न्याय्य ठरेल?

अट्ठकथेतील पटाचारेची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. पती, दोन मुले, आईवडील, भाऊ असे सर्व गमावून ती भान हरपून भटकू लागली. लोकांनी तिला वेडी म्हणून हुसकावले. तथागतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले आणि भानावर येण्यास सांगितले. तेथील एका माणसाने आपले वस्त्र तिला पांघरायला दिले. पुढे हीच पटाचारा विनयात निपुण भिक्खुणी म्हणून मान्यता पावली. उपदेशाने आजार बरा होतो, असा अर्थ यातून काढू नये. औषध लागते तेथे औषधच हवे. पण हुसकावलेला माणूस औषधापर्यंतही पोहोचत नाही.

म्हणून पालक बंधू-भगिनींना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. मुलाची झोप उडाली, जेवण सुटले, ते अबोल झाले, तर रागावण्याआधी शांतपणे विचारा. मांत्रिकाकडे न जाता डॉक्टरांकडे जा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. 14416 या 'टेली-मानस' क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. उपचार घेऊन परतलेल्या माणसाला पूर्वीच्याच नावाने हाक मारा, विहारातील कार्यक्रमाला बोलवा, त्याला जमेल ते काम सोपवा. बहिष्कार म्हणजे काय हे ज्या समाजाने सोसले आहे, त्याने तो आपल्याच माणसावर लादू नये.