फॅन बसला, पण पिना बसल्या का?

कंप्युटर आपोआप बंद पडायला लागला की आमच्या भागात पहिला आळ लाइटीवर येतो, दुसरा व्हायरसवर. बऱ्याचदा दोघेही निर्दोष असतात. सेनगाव तालुक्यातल्या साखरा गावात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवतो. खरीप पीक विम्याची 31 जुलैची मुदत डोक्यावर असताना हा आळ भलत्याच दारी कसा जातो, ते मी चांगलंच पाहिलं.

उन्हाळ्यात मशीन बाहेर साफसफाईला दिलं होतं. कारागिराने प्रोसेसरवरचा फॅन हीटसिंकसकट, म्हणजे त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यासकट काढला, धूळ उडवली, नवी पेस्ट लावली आणि बोर्ड कॅबिनेटमध्ये होता तसाच ठेवून फॅन वरून दाबून बसवला. काम दिसायला चकाचक. नुसतं टायपिंग असलं की मशीन बिनतक्रार चालायचं. पण विम्याचं पोर्टल, सातबाऱ्याची पीडीएफ आणि स्कॅनर एकदम उघडले की आधी रांगायला लागायचं आणि मग खटकन बंद. समोर शेतकरी आधार आणि पासबुक घेऊन उभा. ‘‘भाऊ, माझा अर्ज गेला का राहिला?’’ काय सांगणार? कारागिराने फोनवरच निदान केलं: विंडोज नव्याने टाका. टाकलं. मग म्हणाला, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदला. तोही बदलला. फरक शून्य.

शेवटी झाकण काढून मशीन चालू केलं. बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान डोळ्यांदेखत नव्वदीकडे चढत होतं, फॅन भणाणत होता आणि पाती चुकवून खालच्या ॲल्युमिनियमला बोट लावलं तर ते जेमतेम कोमट! प्रोसेसर पेटलेला आणि त्याच्या डोक्यावरचा धातू निवांत, म्हणजे दोघांची नीट गाठच पडलेली नाही. बोर्ड बाहेर काढून उलटा केला. फॅनला बोर्डावर धरून ठेवणाऱ्या चारपैकी दोन पिना छिद्रात अर्ध्याच उतरलेल्या. एवढ्यासाठी एसएमपीएसचे पैसे गेले.

फट दिसायला नखाएवढीही नसते, पण हवा ॲल्युमिनियमपेक्षा हजारो पटींनी कमी उष्णता वाहून नेते. त्यात प्रोसेसर काही गरीब प्राणी नाही. दुरुस्तीवाला ज्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळवतो ते साधारण 25 वॉटचं असतं; साधा डेस्कटॉप प्रोसेसर 65 वॉटपर्यंतची उष्णता बोटभर जागेतून बाहेर टाकतो. 2001 च्या सुमाराला एएमडीच्या ॲथलॉनवरून चालू मशीनमध्ये हीटसिंक उचलला तर तो क्षणात जळून जाई. इंटेलचा पेंटियम 4 मात्र वेग कमी करून तगायचा. आताचे सगळेच प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःला मंद करतात आणि तरीही भागलं नाही तर बंद होतात. आमचं मशीन बिघडलं नव्हतं, जीव वाचवत होतं.

आता बसवण्याचं. इंटेलच्या डब्यातल्या जुन्या पद्धतीच्या फॅनला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. निम्मा घोळ या बाणाने केला आहे. लोकांना वाटतं, बाणाच्या दिशेने फिरवलं की पिन आवळते. उलट आहे: बाणाच्या दिशेने फिरवणं म्हणजे सोडवणं. बसवण्याआधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेला नेऊन ठेवा, मग चारही पाय छिद्रांवर आले का ते बघा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना दोन अंगठ्यांनी एकाच वेळी दाबा. टक्क असा आवाज येतो. मग उरलेल्या दोन. एका बाजूच्या दोन्ही आधी दाबल्या की दुसरी बाजू उचलली जाते आणि तिथे कितीही जोर लावा, बोर्ड वाकतो पण पिन बसत नाही.

आवाजावर मात्र विसंबू नका. बोर्ड बाहेर काढूनच हे काम करा, खाली मदरबोर्डचा खोका ठेवा आणि शेवटी बोर्ड उलटा करून पाहा. प्रत्येक छिद्रातून पांढरे दोन पाय फाकून बाहेर आलेले आणि त्यांच्या मधोमध काळी कांडी उतरलेली दिसली पाहिजे. चारही ठिकाणी सारखीच. कॅबिनेटमध्ये ही मागची बाजू बहुधा दिसतच नाही. काही कॅबिनेटांना मागून खिडकी कापलेली असते, ती असली तर तुमचं नशीब.

पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरे. जास्त लेप दिला म्हणून जास्त गारवा मिळत नाही. एकदा उचललेला हीटसिंक जुन्याच पेस्टवर परत ठेवू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसून नवी लावावी. टूथपेस्ट लावणारे महाभाग मी पाहिले आहेत, ती वाळली की पुन्हा रडगाणं. फॅनची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा. एएमडीच्या एएम4 बोर्डावर वेगळी काळजी: वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटातून ओढून काढते आणि त्याचे काटे वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा आणि हीटसिंक सरळ न उपटता हलके डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

मराठवाड्यात यात जराही ढिलाई चालत नाही, कारण हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पंचवीस अंशांच्या एसी ऑफिसात अर्धवट बसलेला फॅन कदाचित निभावून नेईल; मे महिन्यात पत्र्याखाली बेचाळीस अंशांत नाही. वर सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि हळदीच्या पॉलिशची धूळ पात्यांमध्ये थापली जाते. मी आता मळणी उरकली की एकदा आणि हळदीचं पॉलिश संपलं की एकदा ब्लोअर मारतो, फॅनची पाती बोटाने धरून. मोकळी सोडली तर ती वेड्यासारखी फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक मात्र गरजेशिवाय उचलत नाही.

एखादी पिन तुटली तर फेव्हिक्विक किंवा तारेच्या नादी लागू नका. या पिनांचे सुटे संच मिळतात, पूर्ण फॅन फेकायची गरज नाही. आणि मशीन बाहेर दुरुस्तीला दिलंच, तर घेताना कारागिराला एवढंच म्हणा: बोर्ड उलटा करून चारही पिना दाखव, मग पैसे देतो.