प्रिंटर कार्ट्रिज ओळखेना, तर काय करावे?



आता खेड्यांतही कुणाकुणाच्या घरी प्रिंटर आला आहे. प्रिंटर म्हणजे कागदावर छापून देणारे लहान यंत्र. मुलांचे शाळेचे कागद, सात-बाराचा उतारा, बचत गटाचा हिशेब, अशी पुष्कळ कामे त्यावर होतात.

या यंत्रात शाईची बंद डबी बसवतात. तिला कार्ट्रिज म्हणतात. पुष्कळ घरगुती यंत्रांत दोन कार्ट्रिज असतात. एक काळ्या शाईची. दुसरीत तीन रंग असतात : निळा, गुलाबी आणि पिवळा. बाटलीने शाई ओतायची यंत्रे निराळी. त्यांची गोष्ट या पाठात नाही.

एखाद्या दिवशी यंत्र अडून बसते. दिवा लुकलुकतो. कागद काही बाहेर येत नाही. संगणकावर किंवा मोबाइलवर अक्षरे दिसतात, "कार्ट्रिज ओळखता येत नाही." घरात कुणी म्हणते, "शाई संपली असेल. नवी आणा." नेमका उद्या सकाळी बँकेत कागद द्यायचा असतो. माणूस घाईने तालुक्याला जातो. नवी कार्ट्रिज आणतो. शेतमजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी तिच्यात सहज जाते. आणि नवी बसवली, तरी यंत्र तेच म्हणते! पैसे गेले, काम राहिले.

म्हणून आधी थांबा. यंत्र काय म्हणाले ते पुन्हा वाचा. "शाई संपली" असे ते म्हणाले नाही. "ओळखता येत नाही" असे म्हणाले. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. डबीत शाई भरपूर असली, तरी यंत्र तिला ओळखीनासे होऊ शकते.

यंत्र ओळखते कसे?

कार्ट्रिजच्या एका अंगाला तांब्याच्या रंगाचे बारीक ठिपके असतात. ती बसते त्या खाचेतही तसेच ठिपके असतात. ठिपक्याला ठिपका नीट टेकला, म्हणजे वीज वाहते. मग यंत्राला कळते की आपली कार्ट्रिज आली. मध्ये शाई वाळली, धूळ बसली किंवा बोटांचे तेल लागले, तर वीज अडते.

टॉर्चचे उदाहरण घ्या. सेलच्या टोकाला गंज चढला, तर सेल चांगला असूनही उजेड पडत नाही. आपण लगेच नवा सेल आणतो का? नाही. टोक पुसतो आणि सेल पुन्हा घालतो. इथेही तसेच आहे.

आता एकेक गोष्ट क्रमाने करू. एका वेळी एकच करावी. यंत्र चालू झाले, की पुढचे करायचे कारण नाही.

१. नंबर वाचा. प्रत्येक यंत्राला ठरावीक नंबरची कार्ट्रिज लागते. एचपी कंपनीच्या डेस्कजेट २१३१ या यंत्राला ८०३ नंबरची लागते. डेस्कजेट २३३१ ला ८०५ नंबरची लागते. एकीची दुसरीला चालत नाही. दिसण्यावर जाऊ नये, आकड्यावर जावे.

२. पट्टी पाहा. नव्या कार्ट्रिजच्या तोंडावर प्लॅस्टिकची चिकटपट्टी असते. तिचे टोक धरून ती ओढून काढावी. पण तांब्याच्या रंगाची पट्टी सोलू नये. ती सोलली, तर कार्ट्रिज कायमची वाया जाते.

३. जागा पाहा. वर सांगितलेल्या डेस्कजेट यंत्रांत रंगांची कार्ट्रिज डावीकडे व काळी उजवीकडे बसते. बसताना "टक्" असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही, तर ती काढून पुन्हा बसवावी.

४. वीज तोडा. यंत्र चालू असतानाच त्याची पिन सॉकेटमधून काढावी. साठपर्यंत आकडे सावकाश मोजावेत. मग पिन पुन्हा लावावी. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होते.

५. ठिपके पुसा. यंत्र चालू ठेवून झाकण उघडावे. कार्ट्रिज मध्यभागी येऊन थांबल्या, की पिन काढावी. मगच आत हात घालावा. कार्ट्रिज कडेने धरावी. स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याचे टोक किंचित ओले करावे. विहिरीचे पाणी घेऊ नये, त्यात क्षार असतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्यावे. त्याने फक्त ठिपके पुसावेत. जिथून शाई येते त्या तोंडाला फडके लावू नये. खाचेतले ठिपकेही हलक्या हाताने पुसावेत. १० मिनिटे वाळू द्यावे. मात्र कार्ट्रिज ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, तोंडाशी शाई सुकते.

६. एकेक काढून पाहा. अजून अडले, तर एक कार्ट्रिज काढावी व झाकण लावावे. अशी दोन कार्ट्रिजची डेस्कजेट यंत्रे एकीवरही छापतात. तक्रार गेली, तर काढलेली कार्ट्रिज बिघडली आहे असे समजावे. गेली नाही, तर ती परत घालून दुसरी काढून पाहावी. रंगांची बिघडली असेल, तरी उद्याचा बँकेचा कागद काळ्या शाईत आजच छापता येतो. एक बिघडली म्हणून दोन्ही विकत घेऊ नयेत.

स्वस्त कार्ट्रिज घेताना

काही कार्ट्रिज दुसऱ्या कंपन्या बनवतात. त्या स्वस्त असतात, पण यंत्र त्या घेईलच असे नाही. सन २०१६ च्या सप्टेंबर महिन्यात एचपी कंपनीच्या काही यंत्रांनी दुसऱ्यांची चिप असलेल्या कार्ट्रिज एकाएकी नाकारल्या. आदल्या दिवशी चालणारी कार्ट्रिज दुसऱ्या दिवशी चालेना. यंत्र मोडले नव्हते. यंत्राच्या आतल्या सूचनाच कंपनीने तशा केल्या होत्या. गिऱ्हाइकांनी ओरड केली. तेव्हा ते बंधन काढण्याची सोय कंपनीने करून दिली. पण अशी बंधने आजही पुष्कळ यंत्रांत असतात. तिथे पुसून उपयोग होत नाही. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला विचारा, "माझ्या यंत्राने ही घेतली नाही, तर परत घ्याल का?" तो हो म्हणाला, तर ते पावतीवर लिहून घ्या. पावती जपून ठेवा.

तालुक्याला जाताना यंत्राचा नंबर आणि कार्ट्रिजचा नंबर कागदावर लिहून न्या. दुकानदाराने डबी हातात दिली, की आकडा स्वतः वाचा. जुळला, तरच पैसे काढा. आता तुम्हांला वाचता येते. त्याचा उपयोग अशा जागी करायचा.

अभ्यास

१. "शाई संपली" आणि "कार्ट्रिज ओळखता येत नाही" यांत फरक काय?
२. ठिपके पुसण्याआधी पिन का काढावी?
३. तुमच्या घरी किंवा शेजारी प्रिंटर असेल, तर त्याचा नंबर आणि त्याच्या कार्ट्रिजचा नंबर वहीत लिहा.