वस्तीतील वटवाघळे : परिसर अभ्यासाचा एक पाठ

पुष्कळ गावांत व तालुक्याच्या पेठांत जुन्या वडावर किंवा चिंचेवर शेकडो वटवाघळे उलटी लोंबताना दिसतात. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरातही भायखळ्याच्या उद्यानातील उंच वृक्षांवर त्यांची वस्ती आहे. केरळात कोळिकोड व मलप्पुरम या जिल्ह्यांत २०१८ साली निपाह रोगाची साथ येऊन १७ माणसे दगावली. तेव्हापासून या प्राण्याविषयीच्या जुन्या किळशीत नव्या भीतीची भर पडली असून, झाड राखावे की तोडावे, असा प्रश्न गावापुढे उभा राहतो. अशा वेळी पालक शिक्षकाचे मत विचारतात. ते मत ज्ञानावर आधारलेले असावे, एवढ्यासाठी हा पाठ.

प्राण्याची ओळख

वटवाघूळ उडते, परंतु तो पक्षी नव्हे. ते पिलास दूध पाजते. त्याचे पंख म्हणजे हाताच्या लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली पातळ कातडी होय. मोठ्या फळखाऊ वटवाघळाच्या पंखांचा विस्तार सव्वा मीटर किंवा त्याहूनही अधिक भरतो. पडक्या वाड्यांतील लहान, कीटकभक्षक जाती आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. हे मोठे वटवाघूळ मात्र डोळे व नाक यांवर विसंबते. मादीस वर्षाला बहुधा एकच पिलू होते. म्हणून एकदा वस्ती मारली गेली, तर ती भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

वटवाघूळ तोंडाने विष्ठा टाकते, असा समज सर्वत्र आहे. शिक्षकाने त्याचे निराकरण करावे. हा प्राणी फळ चावून रस गिळतो व चोथा थुंकतो. झाडाखाली पडलेला दिसतो तो हाच चोथा. मलमूत्र टाकताना तो अंगठ्यांच्या नख्यांनी फांदीस धरून सुलटा होतो.

लाभ व हानी

वड, पिंपळ व उंबर यांचे बारीक बी त्याच्या पोटातून दूरवर जाऊन पडते. गोरखचिंच व पांढरी सावर यांची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागीभवन वटवाघळे करतात. उलट पेरू, चिकू व आंबा यांच्या बागांची ती नासाडी करतात, हेही मुलांपासून लपवू नये. शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. तीवर उपाय म्हणजे बारीक छिद्रांची, ताणून बांधलेली जाळी. सैल जाळीत वटवाघळे व पक्षी अडकून मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळखाऊ वटवाघळांची गणना उपद्रवी प्राण्यांत केली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळण्यात आली.

रोगाविषयी विवेक

निपाहचे विषाणू वटवाघळांत असतात, हे सत्य आहे. महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेस त्याचा पुरावा आढळला. तथापि झाड केवळ जवळ असल्याने रोग होत नाही. लाळेने वा मूत्राने दूषित झालेले अन्न, रोगी जनावर आणि रोगी मनुष्याचा निकट संपर्क, हे त्याचे मार्ग होत. बांगलादेशात शिंदीचा कच्चा रस पिण्यातून अनेकांना तो झाला. वस्ती उठविल्याने प्रश्न मिटतो असेही नाही. सिडनी येथील वनस्पती-उद्यानातून २०१२ साली मोठे आवाज करून वटवाघळे हुसकण्यात आली. ती दुसऱ्या झाडांवर गेली, एवढेच. शिवाय हुसकलेले भेदरलेले प्राणी व त्यांची गळून पडलेली पिले माणसांच्या अधिक जवळ येतात.

मुलांनी पाळावयाचे नियम

१. दात वा नख लागलेले फळ खाऊ नये. चांगले फळ धुऊन, सोलून खावे.
२. उघड्या मडक्यातील शिंदीचा किंवा ताडाचा कच्चा रस पिऊ नये.
३. खाली पडलेले वटवाघूळ, जिवंत असो वा मेलेले, हाताळू नये. मोठ्या माणसास सांगावे. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.
४. त्या झाडाखाली जेवू नये. जवळची विहीर व टाकी झाकलेली असावी.
५. दगड मारू नयेत. फटाके उडवू नयेत.

उपक्रम

इयत्ता चौथी-पाचवीच्या मुलांनी पालकांसह, झाडापासून दूर उभे राहून, महिन्यातून एकदा सायंकाळी निरीक्षण करावे. पहिले वटवाघूळ किती वाजता उडाले, त्या दिवशी सूर्यास्त केव्हा झाला व दहा मिनिटांत किती गेली, हे वहीत लिहावे. वर्षाअखेर या नोंदींचा आलेख काढावा. आकडे स्वतः जमविलेला मुलगा ऐकीव गोष्टींवर सहसा विसंबत नाही.

प्रश्न

१. वटवाघूळ पक्षी का नव्हे?
२. गावच्या भिंतीवर उगवलेला पिंपळ तेथे कसा आला असेल?
३. ग्रामसभेत झाड तोडण्याचा ठराव आला, तर दोन्ही बाजूंनी काय सांगता येईल?