सायकल : गरजेकडून हौसेकडे



दरवर्षी ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली तो जाहीर केला. आपल्याकडे शाळा उघडायच्या आधीच हा दिवस येऊन जातो, त्यामुळे परिपाठात त्यावर बोलायचं राहूनच जातं. म्हणून आजच्या लेखासाठी हा विषय घेतला आहे.

सुरुवातीला दोन शब्द नीट समजून घेऊया. कामावर जाण्यासाठी, दूध घालण्यासाठी किंवा शाळा गाठण्यासाठी चालवतात ती गरजेची सायकल. फिरायला, व्यायामाला किंवा नुसती मजा म्हणून चालवतात ती हौसेची सायकल. "हल्ली सायकल चालवतंय कोण?" असं एकीकडे ऐकू येतं. दुसरीकडे रविवारी पहाटे हेल्मेट घातलेले दहा-पंधरा जण घाटाच्या दिशेने जाताना दिसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मधल्या काळात सायकल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली आहे. ती कुणाकडून सुटली आणि कुणाकडे आली, ते आज बघूया.

१) सायकलचा जन्म हौसेतून

सायकल आधी हौस म्हणूनच आली. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांची लाकडी गाडी बनवली. तिला पायडल नव्हतं, पायाने जमीन ढकलत जायचं. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल बसलं. पुढे तर पुढचं चाक भलतंच उंच झालं. त्यावरून पडणं म्हणजे हातपाय मोडणं, त्यामुळे ते धडधाकट आणि पैसेवाल्या तरुणांचंच खेळणं होतं.

१८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल आली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. आता सायकल पडण्याची भीती कमी झाली आणि हादरेही कमी झाले. मग ती स्त्रियांच्या हातात आली, कामगारांच्या हातात आली. हौसेची वस्तू गरजेची झाली. भारतात १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हिरो या कंपन्या सुरू झाल्या आणि देशी सायकल घरोघर पोचू लागली.

२) तासाच्या सायकलीचे दिवस

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते याच काळात. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट दिसलं तर पोलीस अडवायचे. जिथे सायकलीच सायकली आहेत, तिथेच असे नियम लागतात, हे लक्षात घ्या.

त्या काळातली हौस समजून घ्यायची असेल तर घरातल्या साठीपुढच्या माणसांना 'तासाची सायकल' विचारा. जवळच्या चौकात सायकल दुकान असायचं. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा आणि तासावर सायकल द्यायचा. पैसे कमी असले की तिघे मित्र मिळून एक तास घ्यायचे आणि आळीपाळीने फेऱ्या मारायचे. छोटी सायकल मिळाली नाही तर मोठीच घ्यायची आणि दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायचं. गुडघे फुटायचे, पण उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत सायकल यायची.

यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, हौस करायला सायकल विकत घ्यावी लागत नव्हती. दुसरी, गरज आणि हौस एकाच सायकलवर चालायची. वडील दिवसभर जी काळी सायकल कामाला न्यायचे, तीच संध्याकाळी मुलं पळवायची. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, शिकायला रस्ता होता. गल्लीत पडलं तरी मागून भरधाव गाडी येत नव्हती.

३) सायकल मागे का पडली?

याला एकच कारण नाही. क्रमाने बघूया.

• स्वयंचलित दुचाकी : १९७२ साली लुना आली आणि त्याच वर्षी बजाज चेतकही. चेतक तर पुण्याजवळ आकुर्डीलाच बनायची. म्हणजे सायकलींच्या शहराच्या उशालाच स्कूटर तयार होत होती. १९८५ मध्ये कमी पेट्रोल पिणारी हिरो होंडा आली आणि पुढे गाड्या हप्त्यावरही मिळू लागल्या.

• वाढलेलं अंतर : घर एकीकडे, कॉलेज दुसरीकडे, कंपनी तिसरीकडे.

• मान : गाडी म्हणजे प्रगती आणि सायकल म्हणजे परवडत नाही, असं समीकरण बसलं. लग्नाच्या बोलणीतही सायकलची जागा मोटरसायकलने घेतली.

• रस्ते : रस्ते रुंद झाले ते गाड्यांसाठी. काही शहरांत सायकल ट्रॅक केले, पण त्यावर पार्किंग, टपऱ्या आणि डीपीचे खांब आले. मध्येच तुटणाऱ्या ट्रॅकवर मुलाला कोण सोडणार?

आता जनगणनेचे आकडे बघा. देशात २००१ मध्ये दर १०० घरांपैकी सुमारे ४४ घरांत सायकल होती. २०११ मध्ये ती सुमारे ४५ घरांत होती. याच दहा वर्षांत स्कूटर, मोटरसायकल किंवा मोपेड असलेली घरं १०० पैकी सुमारे १२ वरून २१ वर गेली. म्हणजे सायकल घरातून गेली नाही, ती जागच्या जागी राहिली आणि गाडी मात्र जवळपास दुप्पट झाली. मुलांना इथे एक प्रश्न जरूर विचारा : घरात सायकल असणं आणि ती रोज चालवली जाणं, या दोन गोष्टी सारख्या आहेत का? जनगणना फक्त पहिली गोष्ट मोजते.

४) हौस परत आली

गेल्या पंधरा-वीस वर्षांत गिअरच्या सायकली आल्या आणि शहरातल्या मोठ्या माणसांनी सायकल पुन्हा हातात घेतली. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, गृहिणी यांचे ग्रुप झाले. 'बीआरएम' नावाच्या लांब फेऱ्या सुरू झाल्या. यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. वेळेत पोचला तो पूर्ण.

पुणे ते गोवा अशी सुमारे ६४० किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' स्पर्धाही आपल्याकडे होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही साधारण ४,८०० किलोमीटरची स्पर्धा आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. नाशिकहून आषाढीच्या आधी सायकलवारी पंढरपूरला जाते. हौसेला भक्तीची जोड मिळाली की ती किती लवकर आपली वाटते, हे यातून दिसतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जिम बंद, मैदानं बंद. तेव्हा सायकलींना इतकी मागणी आली की अनेक दुकानांत हवी ती सायकल मिळेना. पण त्याच वर्षी ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. एकाच वर्षात घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा.

पुण्यात २०१७-१८ च्या सुमारास मोबाईल ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या रंगीत सायकली आल्या होत्या. एका अर्थी ती तासाचीच सायकल होती, पण वहीवाला दुकानदार नव्हता. सायकली कुठेही पडायच्या, मोडायच्या, चोरीला जायच्या. काही वर्षांतच त्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. जुना दुकानदार नुसतं भाडं घेत नव्हता. तो मुलांना नावाने ओळखायचा, चेन बसवून द्यायचा आणि ब्रेक तपासायचा. ॲपला हे काम जमलं नाही.

५) मग मागे कोण राहिलं?

या परत आलेल्या हौसेत दोन माणसं दिसत नाहीत.

एक म्हणजे रोज सायकलवर कामाला जाणारा माणूस. पहाटे रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन आणि घाटाकडे निघालेला ग्रुप एकाच रस्त्यावर भेटतात. आपण ग्रुपला 'सायकलिस्ट' म्हणतो, वॉचमनला नाही. खरं तर वर्षभराचे किलोमीटर मोजले तर कोण पुढे असेल?

दुसरं म्हणजे मूल. आज बऱ्याच मुलांकडे स्वतःची सायकल असते, पण ती फिरते सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा घरापुढच्या अंगणात. मूल उंच होतं आणि सायकल गॅलरीत टांगली जाते. गेटच्या बाहेर ती फारशी जातच नाही. दहा-अकरा वर्षांचं मूल एकटं वाचनालयात, मैदानावर किंवा मित्राकडे जाऊ शकत नाही, प्रत्येक ठिकाणी त्याला कुणीतरी गाडीवर सोडावं लागतं. आपण मुलांना 'स्वावलंबन' हा शब्द शिकवतो, पण त्याचा सराव करायला रस्ता देत नाही.

मुलींच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल दिली जाते. ही गरजेची सायकल आहे. पण ती हातात आली की मुलगी मैत्रिणींबरोबर रांगेत गप्पा मारत येते, वाटेत बोरं काढायला थांबते. गरजेच्या सायकलवर हौस आपोआप येऊन बसते. बारावीनंतर त्या सायकलचं काय होतं, ते तुमच्या गावात जरूर विचारून बघा.

६) एका देशाने काय केलं?

सायकल म्हटलं की नेदरलँड्सचं नाव निघतं. तिथे पहिल्यापासून सगळं छान होतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकली कमी झाल्या. १९७१ या एका वर्षात तिथे रस्ते अपघातांत ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले. 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाच्या नावाने त्यांनी आंदोलन उभं केलं. १९७३ मध्ये तेलटंचाई आली आणि सरकारलाही विचार करावा लागला. त्यानंतर वर्षानुवर्षे वेगळे सायकल मार्ग आणि कमी वेगाच्या गल्ल्या होत गेल्या. आज तिथली मुलं प्राथमिक शाळेच्या शेवटी शेवटी रस्त्यावर सायकल चालवण्याची परीक्षा देतात.

यातून घेण्यासारखं एवढंच की त्यांनी सुरुवात मुलांपासून केली. ज्या रस्त्यावर मूल सुरक्षित, तिथे म्हातारी माणसं, वॉचमन आणि रविवारचा ग्रुप सगळेच सुरक्षित. आपल्याकडची हौस मोठ्यांपासून सुरू झाली आहे. ती मुलांपर्यंत पोचली नाही तर ही पिढी थकल्यावर तिथेच थांबेल.

७) उपक्रम : आपल्या गावाची सायकल-गोष्ट

(इयत्ता चौथी ते सातवी, कालावधी एक आठवडा)

अ) प्रत्येक मुलाने आजी-आजोबा, आई-बाबा आणि स्वतः अशा तीन पिढ्यांची माहिती लिहावी : सायकल कितव्या वर्षी शिकलात? कुणी शिकवली? सायकल कुणाची होती? एकट्याने कुठपर्यंत जायचात?

आ) शेवटच्या उत्तराचा नकाशा काढावा. घर मध्यभागी, आणि प्रत्येक पिढी जिथपर्यंत एकटी जायची तिथपर्यंत वेगळ्या रंगाची रेघ. तिन्ही रेघांची लांबी बघितली की मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इ) शाळेजवळच्या एका रस्त्यावर मोठ्या माणसाबरोबर सुरक्षित जागी उभं राहून अर्धा तास सायकली मोजाव्यात. गरजेची किती, हौसेची किती? चालवणारे पुरुष, स्त्रिया, मुलं किती?

ई) गावातल्या सायकल दुरुस्ती करणाऱ्या काकांना शाळेत बोलवा. पंक्चर काढणं आणि चेन बसवणं त्यांच्याकडून शिका. पुण्याच्या आसपास असाल तर कर्वेनगरच्या सायकल संग्रहालयाला भेट देता येईल.

उ) मोजणीचा तक्ता आणि नकाशे ग्रामपंचायतीला किंवा वॉर्डाच्या नगरसेवकांना द्या आणि एकच साधी मागणी करा : शाळेच्या आजूबाजूची एक गल्ली रविवारी सकाळी दोन तास गाड्यांसाठी बंद ठेवावी. याला खर्च फारसा नाही. दोन बॅरिकेड आणि थोडी लोकांची तयारी लागते.

स्वाध्याय

१. गरजेची सायकल आणि हौसेची सायकल यांतील फरक तुमच्या गावातील उदाहरणांसह लिहा.
२. 'तासाची सायकल' बंद पडल्याने मुलांचं काय नुकसान झालं?
३. २००१ आणि २०११ च्या आकड्यांवरून स्तंभालेख काढा.
४. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यात सायकलसाठी सगळ्यात धोकादायक जागा कोणती? तिथे काय बदल हवा?

पालकांनो, चौथा प्रश्न मुलांबरोबर तुम्हीही सोडवा. एकदा तो रस्ता मुलाच्या बाजूने चालून बघा. उत्तर वहीत लिहून झालं की ते शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत वाचून दाखवा.